बीएबाईचा शेवटचा पेपर

मी नणंद आहे, हे आधीच सांगून टाकते. नणंद बोलायला लागली की लोकांचे कान टवकारतात, आता ही भावजयीची उणीदुणी काढणार म्हणून. काढलीही असती, मी काही गरीब गाय नाही. पण जिच्यासमोर दिवसभर चादरीचं दुसरं टोक धरून उभं राहायचं, तिच्याशी भांडून करणार काय? मोठी चादर एकटीला घडी घालता येत नाही.

आम्ही दोघी लाँड्रीत कामाला. दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, पेशंटचे गाऊन, सगळं आमच्याकडे धुवायला येतं. गरम रोलरमधून चादर बाहेर पडली की एका बाजूची टोकं वहिनीनं धरायची, दुसऱ्या बाजूची मी. ताणायची, झटकायची, चालत एकमेकींकडे यायचं, टोकाला टोक लावायचं, तिनं खालची घडी उचलायची, परत मागे जायचं, परत पुढे यायचं. आमची सुपरवायझर आमची जोडी कधी तोडत नाही. तिला आम्ही पाठीमागे इस्त्रीबाई म्हणतो, कारण तिच्या तोंडावर हसण्याची सुरकुती पडलेली आजवर कुणी पाहिलेली नाही. पण बाई कामाची जाणती. हात एकमेकींना बसलेले असले की काम पळतं, हे तिला कळतं.

वहिनी डोक्याला रुमाल बांधायची आणि त्या रुमालाखालून एका कानात वायर घालायची. नवीन आलेल्या बायकांना वाटायचं, गाणी ऐकते. गाणी कुठली! धडे ऐकायची. बीएचे.

हे बीएचं वेड तिच्या डोक्यात माझ्या भावानं घातलं. दादा शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता. स्वतः सातवीपर्यंत शिकलेला. "माझं डोकं सातवीतच पंक्चर झालं," असं सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. वहिनी मात्र बारावीला कॉलेजात पहिली आलेली, आणि निकालाच्या पेढ्यांबरोबरच तिच्या लग्नाचं ठरून गेलेलं. दादाला ते लग्नानंतर कळलं आणि त्याला ते कायम लागून राहिलं. पोरगी जरा मोठी झाल्यावर त्याच्या बसमधून जाणाऱ्या एका मास्तरीणबाईंनी त्याला सांगितलं की आता घरी बसून पदवी घेता येते, पुस्तकं घरी येतात, रविवारी फक्त अभ्यासकेंद्रावर जायचं. हा पठ्ठ्या त्याच संध्याकाळी फॉर्म घेऊन आला.

"मला नाही जमायचं," वहिनी म्हणाली.

"तुला काय जमत नाही ते मला सांगू नकोस. माझ्याबरोबर संसार जमला ना? मग बीए म्हणजे किस झाड की पत्ती!"

आणि प्रवेश झाला त्या दिवशी त्यानं काय करावं? पुढच्या खोलीत, दारातून आत आल्याआल्या दिसेल असा, भिंतीत एक खिळा ठोकला. "इथं पदवी लागणार," म्हणाला. पुस्तकंसुद्धा अजून आलेली नव्हती. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. त्या खिळ्याला काही म्हणून लावू द्यायचा नाही. एकदा मी घाईत माझी पिशवी अडकवली, तर काढून माझ्या हातात दिली. "तोफ, ही जागा रिझर्व्ह आहे." मला तो तोफ म्हणायचा. माझ्या तोंडामुळे. आणि त्या दिवसापासून वहिनीला बीएबाई. घरात, चाळीत, लाँड्रीत, सगळीकडे तेच नाव पडलं. मी त्यांच्या समोरच्याच खोलीत राहते. माझंही लग्न झालं होतं, ते टिकलं नाही, तो विषय इथला नाही.

आता अभ्यास करायचा कधी? सकाळी पाणी, स्वयंपाक, पोरीचा डबा. दुपारपासून लाँड्री. घरी येईपर्यंत पाय सुजलेले, आणि वाफेत दिवसभर उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागायची. पुस्तक उघडलं की हिची मान खाली. शेवटी तिनंच तोड काढली. लहानपणापासून तिला ऐकलेलं राहायचं, वाचलेलं नाही. मग रोज सकाळी दादा बसची पहिली फेरी टाकून घरी आला की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसायची आणि मोठ्यानं वाचून फोनवर रेकॉर्ड करायची. दुपारी घड्या घालताना तेच ऐकायचं. एक धडा दहा-वीस वेळा. पाठ होईपर्यंत.

फोन जुना, त्यात जागा कमी. धड्यांना जागा हवी म्हणून दादानं स्वतः बसून त्यातले सगळे व्हिडिओ पुसून टाकले. पोरीच्या वाढदिवसाचे, फिरायला गेलो होतो तिथले. "ते आपल्या डोक्यात आहेत की," म्हणाला. त्याचा स्वतःचा फोन बटणांचा, त्यात नुसतं हॅलो म्हणता यायचं.

रेकॉर्डिंग चालू असताना त्यानं गप्प बसायचं, असा करार होता. पण गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं हो! दिवसभर शंभर पोरांच्या गोंगाटात बस चालवणारा माणूस तो, त्याला शांतता चावायची. चहाचा कप आपटायचा. खोकायचा. आणि मधूनच शेरे मारायचा. वहिनी वाचत असायची, "सामाजिक नियंत्रण हे कुटुंबाचे महत्त्वाचे कार्य आहे," की मागून आवाज, "नियंत्रण ना? ते सगळं तुझ्याकडे!" पहिल्या पहिल्यांदा ती चिडून पुसून टाकायची आणि परत पहिल्यापासून वाचायची. पण एवढा वेळ कुणाला आहे? मग तशीच पुढे वाचत जायला लागली. धड्यात दादा राहून गेला.

"बघ हां," तो म्हणायचा, "मीपण आता अभ्यासक्रमात आहे. एखाद्या पेपरात येईन मी."

"याल. शून्य मार्कांसाठी याल."

सगळ्यात मजेचा धडा कुटुंबसंस्थेचा. समाजशास्त्राच्या पेपरातला. तो मलासुद्धा पाठ झाला, कारण वहिनी ऐकता ऐकता पुटपुटायची आणि टोकं जुळवायला जवळ आलो की माझ्या कानावर पडायचं. आणि ती नुसता धडा पुटपुटायची नाही, मधलं सगळं पुटपुटायची. "कुटुंबात व्यक्तीला सुरक्षितता, स्नेह आणि, अगं दूध उतू जातंय, मग बंद करा ना गॅस, हात बांधलेत का, आधार मिळतो." एका दमात. मी चादर हातात धरून हसून हसून बेजार. इस्त्रीबाई तिकडून ओरडायची, "काय चाललंय?"

"अगं ते दूध तरी वगळ की," मी म्हणायची.

"वगळलं तर पुढचं वाक्य येत नाही ताई. दूध उतू गेलं की मगच आधार मिळतो."

एरवी ती मला ताई म्हणते. रागावली की वन्सं. तेवढ्यावरून मला हवामान कळतं.

पेपर हळूहळू सुटत गेले. एकदम नाहीत. आमची आई अंथरुणाला खिळली ते वर्ष असंच गेलं, तिचं सगळं वहिनीनंच केलं, मी पोटची असून माझ्याच्यानं तेवढं झालं नसतं. पोरीला टायफॉइड झाला तेव्हा एक परीक्षा बुडाली. घरातलं कुणीतरी आडवं पडायचं आणि हिचा एखादा पेपर मागे राहायचा. केंद्रावरचे सर चांगले होते, पण नियम त्यांच्या हातात नव्हता. ठरलेल्या मुदतीत सगळे पेपर सुटले पाहिजेत, नाहीतर नोंदणी रद्द, आधीचं सगळं पाण्यात, पुन्हा श्रीगणेशा. शेवटी एकच पेपर उरला. समाजशास्त्राचा. दादा खिळ्यावरची धूळ पुसायला लागला.

परीक्षेला आठवडा होता. दादानं सकाळची पोरं शाळेत उतरवली, बस फाटकाजवळच्या झाडाखाली लावली, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. शाळेच्या शिपायाला वाटलं, डुलकी लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय. सगळी पोरं उतरेपर्यंत थांबला, असं शाळेतले सगळे म्हणत होते, कौतुकानं. मला त्या कौतुकाचा इतका राग आला! पोरांसाठी थांबलास, मग घरी येईपर्यंत थांबायला काय झालं होतं रे तुला? दूध गॅसवर ठेवून ती वाट बघत होती तुझी.

तो पेपर अर्थातच राहिला. आता मुदतीत एकच परीक्षा उरली होती, पुढची. ती चुकली की संपलं.

वहिनी लाँड्रीत लवकरच परत आली. न येऊन सांगते कुणाला? आम्ही चादरी धरायचो, ताणायचो, जवळ यायचो. रुमालाखाली वायर नव्हती. ती पुटपुटत नव्हती. मीही बोलायची नाही. मी बोलत नाही म्हणजे बघा. इस्त्रीबाईसुद्धा एकदा येऊन विचारून गेली, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

मग एक दिवस मीच विषय काढला. "वहिनी, परीक्षा जवळ आली."

"हो."

"ऐकत का नाहीस?"

तिनं हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "प्रयत्न केला ताई. दोन वाक्यं पुढे जातात आणि ते खोकतात."

रात्रंदिवस माझ्या मनात एकच होतं, की माझ्या भावाचा आवाज त्या डबड्यात आहे आणि मला तो एकदा ऐकायचाय. मी तिला म्हटलंही, "मला एकदा ऐकव. ते दुधाचं."

"परीक्षा होऊ दे," ती म्हणाली. "मग आपण दोघी बसून सगळे धडे ऐकू. आत्ता ऐकायला बसलो तर दोघीही उठायचो नाही."

तिनं डोळ्यांनी वाचून पाहिलं. नाही जमलं. पोरीनं तेच धडे आपल्या आवाजात वाचून दिले. पोरगी अकरावीत, वाचते छान, अगदी बातम्या सांगितल्यासारखं. वहिनी दोन दिवस ते ऐकत होती. मग म्हणाली, "बाळा, तू किती गोड वाचतेस. पण मला ह्यात पुढचं वाक्य सापडत नाही गं." तिला स्वतःचाच आवाज लागायचा, त्याच लयीतला. आणि तो आवाज दादाशिवाय मिळत नव्हता.

पोरगी बघत होती सगळं. आई वायर कानात घालते, थोडं ऐकते, वायर ओढून काढते आणि उशीच्या अभ्र्यात तोंड खुपसते, हे रोज बघत होती. बापावर तिचाही जीव होता. पण पोरं कधीकधी मोठ्यांपेक्षा मोठी व्हायला जातात. आई कामावर, फोन चार्जिंगला घरी राहिलेला, असा एक दिवस तिनं साधला. मैत्रिणीकडून शिकून आली आणि बसून, एकेक धडा घेऊन, त्यातून बाबा कापून काढला. खोकला कापला, कप कापले, शेरे कापले, शेऱ्यांना आईनं दिलेली उत्तरं कापली. वाक्याला वाक्य इतकं बेमालूम जोडलं की सांध कळू नये. संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा दारातच उभी होती, डोळे लाल, पण चेहऱ्यावर केवढा आनंद!

"आई, आता ऐक. आता तुला त्रास नाही होणार."

वहिनीनं उभ्याउभ्याच ऐकलं. मी तिच्याजवळ कान नेला. "कुटुंबात व्यक्तीला सुरक्षितता, स्नेह आणि आधार मिळतो." स्वच्छ. धुतल्या चादरीसारखं.

"आणि आधीचं?" मी विचारलं. "आधीचं कुठाय?"

"असेल ना आत्या, फोनमध्ये कुठेतरी. जुनं राहतंच." ती शोधायला लागली. इकडे बोट, तिकडे बोट. मग तिच्या बोटांचा वेग वाढला. मग बोटं थांबली. त्या फोनात जागाच कुठे होती जुनं ठेवायला? नवीन ठेवलं ते जुन्याच्या जागी जाऊन बसलं. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या मोबाइलवाल्यानंही हात वर केले.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या क्षणी माझ्या तोंडाला लगामच राहिला नाही. "कुणी सांगितलं होतं तुला नसते उद्योग करायला? माझा भाऊ होता तो! एक शब्द उरला होता त्याचा, एक शब्द, आणि तू..."

"वन्सं!" वहिनी म्हणाली.

इतकी वर्षं झाली, त्या आवाजात तिनं मला कधी हाक मारली नव्हती. पोरगी भिंतीला चिकटून उभी होती. वहिनीनं तिला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं केलंस बाळा. माझ्याच्यानं झालं नसतं. आता अभ्यास होईल बघ." पोरगी हमसून हमसून रडायला लागली, तरी ही आपली तेच म्हणत राहिली, बरं केलंस, बरं केलंस. मग उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि नळ सोडून खूप वेळ भांडी घासत बसली. भांडी दुपारीच घासून झालेली होती. मी बघितलं होतं ना.

रुमालाखाली वायर परत आली. पुटपुटणंही परत आलं. टोकं जुळवायला जवळ आलो की मला ऐकू यायचं, "सुरक्षितता, स्नेह आणि आधार मिळतो." सरळ, न अडखळता. आता पेपर सुटणार, असं मला वाटायला लागलं, पण त्यात दूध काही उतू जात नव्हतं. मी चादर जोरात झटकायची, बस्स.

परीक्षेच्या दिवशी इस्त्रीबाईनं तिला सुट्टी तर दिलीच, वर मलाही सोडलं. "एकटीनं तुम्ही तरी घडी कशाची घालणार?" म्हणाली. मी केंद्राच्या बाहेर बाकावर बसून राहिले. आजूबाजूला सगळे असेच, कुणाचा नवरा कडेवर पोर घेऊन उभा, कुणाची म्हातारी सासू डबा घेऊन आलेली. एक पोलीस गणवेशातच पेपर द्यायला आला होता. सगळी संसारी माणसं, तोंडं शाळकरी पोरांसारखी सुकलेली.

वहिनी बाहेर आली ती सगळ्यांच्या शेवटी. मी उठले. "काय गं? अवघड होता?"

"नाही. सगळं आलं."

"कुटुंबाचा प्रश्न?"

"पहिलाच होता."

"मग असा चेहरा का?"

ती बाकावर बसली. हातातला पेन पर्समध्ये ठेवायचा विसरली होती, तो तसाच धरून म्हणाली, "ताई, मी लिहीत होते. भराभर लिहीत होते, हात थांबतच नव्हता. आतून ऐकू येत होतं तसं लिहीत गेले. पान उलटताना वर बघितलं तर लिहिलं होतं, सुरक्षितता, स्नेह आणि, अगं दूध उतू जातंय."

मला हसू आलं की रडू, मला आजही सांगता येणार नाही. "अगं बाई! पेपरात? मग? खोडलंस ना?"

ती पेनाचं टोपण लावत-काढत राहिली.

"वहिनी, खोडलंस ना? शेवटची संधी आहे गं! तपासणाऱ्याला काय वाटेल? कॉपी केली म्हणेल, डोक्यावर परिणाम झालाय म्हणेल..."

"पेन टेकवला होता," ती म्हणाली. "वाक्याच्या सुरुवातीला टेकवलाही होता. पण एकदा पोरीनं कापलंय ताई. परत मी कशी कापू?" आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, भर रस्त्याच्या कडेला, सगळ्या लोकांदेखत ती तोंडावर हात न घेता रडली. मीही रडले. रडायची लाज वाटण्याइतकं आमच्यात काही उरलंच नव्हतं. "पुढे 'आधार मिळतो' लिहिलं," ती मध्येच म्हणाली. "ते मात्र नीट लिहिलं."

निकाल यायला वेळ लागला. तोवर माझा जीव टांगणीला. देवाला नाही, त्या तपासणाऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडायची. बाबा रे किंवा बाई गं, कोण असशील ते, तुझ्याही घरी कधी दूध उतू गेलं असेल. तिला नापास करू नकोस.

पास झाली. काठावर. तपासणाऱ्यानं त्या ओळीखाली काय केलं, लाल रेघ मारली, हसला, का थकून बघितलंच नाही, आम्हाला कधीच कळणार नाही. मी मात्र केंद्रावर जाऊन सरांना विचारलं, "उत्तरपत्रिका परत मिळते का हो?"

"पास झाल्यात ना त्या? मग कशाला हवी?"

"हवी आहे."

"नाही मिळत. काही दिवस ठेवतात, मग नष्ट करतात."

नष्ट. सरांनी तो शब्द अगदी साधेपणानं उच्चारला. त्यांची काय चूक? मी थँक्यू म्हटलं आणि पायऱ्यांवर जरा बसले. जगात कुठल्या तरी गठ्ठ्यात माझ्या भावाचं एक वाक्य पडलेलं होतं, आणि आता तेही राहणार नव्हतं.

पदवी आली, मोठी, जाड कागदाची. पोरीनं चौकट करून आणली आणि स्टुलावर चढून खिळ्याला लावली. खिळा दादानं ठोकला होता तो जरा तिरका. चौकट आजही एका बाजूला कलते. पोरगी तो काढून सरळ ठोकायला निघाली होती. "असू दे," वहिनी म्हणाली. आणि पोरीला वाईट वाटू नये म्हणून लगेच पुढे म्हणाली, "छान दिसतंय बाळा."

त्या पदवीनं आमचं काही बदललं म्हणाल तर नाही. दवाखान्यातल्या नोकरीसाठी तिनं अर्ज दिलाय, बघू. तोवर लाँड्री आहेच. फक्त एक झालं. परीक्षा झाली, पदवी लागली, आता अभ्यास कशाचा? रुमालाखालची वायर गेली. पण परवा आम्ही चादरी धरून उभ्या होतो, रोलर घरघरत होता, आणि टोकं जुळवायला जवळ आलो तर बाई पुटपुटतेय. सवयच ती, जाते थोडीच.

"कुटुंबात व्यक्तीला सुरक्षितता, स्नेह आणि..."

आणि थांबली. ओठ तसेच उघडे. पुढे जाईना. चादरीची टोकं आमच्या चारही हातांत, मध्ये गरम कापड. मला दिसलं की ती वाट बघतेय. कुणाची, तेही दिसलं.

माझा आवाज काही दादासारखा नाही. तोफेचा आवाज तो. पण मी जमेल तेवढा खाली आणला आणि म्हटलं, "अगं, दूध उतू जातंय."

वहिनीनं वर बघितलं. डोळे भरून आले होते, पण भुवया चढल्या, अगदी त्या उंबऱ्यावर बसून चढायच्या तशा.

"मग बंद करा ना गॅस," ती म्हणाली. "हात बांधलेत का?"

रोलरमधून पुढची चादर बाहेर येऊन टेबलावर पडत होती. आम्ही दोघींनी मिळून तिची टोकं धरली.